मिक्सर : बेबी शिप्पूरकर

बेबी शिप्पूरकर मिक्सरवर बसते, हे निपाणीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मिक्सर म्हणजे काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या मालुबाईंनी एकदा सुक्या मिरच्या आणि खोबऱ्याच्या वाट्या पिशवीत घालून आणून दिल्या होत्या. "जाताजाता तेवढं फिरवून आण गं बेबे. लई मोठा मिक्सर हाय म्हणं तुमचा, टेंपोतनं न्यावा लागतोय." बेबीने पिशवी घेतली, घरच्या खडखडणाऱ्या मिक्सरमध्ये मसाला वाटला आणि संध्याकाळी डबा परत केला. समजावून सांगत बसण्यापेक्षा वाटून देणं लवकर होतं.

तर तो मिक्सर हा नव्हे. चार कॅमेऱ्यांची चार चित्रं वायरींमधून एका पेटीत येतात. पेटीवर बटणांची रांग असते. कोणत्या क्षणाला कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र जगाला दाखवायचं, ते त्या बटणांवर ठरतं. या पेटीला धंद्यात मिक्सर म्हणतात आणि तिच्यावर बसणाऱ्यालाही मिक्सरच म्हणतात. लग्न असो, कीर्तन असो, कुस्तीचं मैदान असो, दुबईत आणि लेहच्या छावणीत बसून माणसं मोबाईलवर जे बघतात, ते त्या बटणांवरच्या बोटाने निवडलेलं असतं. पण कॅमेरा खांद्यावर असतो, चारचौघांत मिरवतो. मिक्सर टेंपोत असतो. म्हणून नाव कॅमेरेवाल्याचं होतं, आणि शिप्पूरकरांच्या घरात कॅमेरेवाला होता बेबीचा नवरा, मार्तंड.

मार्तंड वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तसं वाटेल. लग्नांच्या कॅसेटा काढायच्या काळापासून तो या धंद्यात आहे. फोटोत नवरी रडवेली दिसली तर तिला हसवायची त्याची हातोटी होती, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचं तो अगत्याने करायचा. फक्त चार चित्रं एकदम समोर आली की त्याला गरगरायचं. टाळेबंदीच्या वर्षी लग्नाला मोजकीच माणसं आणि बाकीचं गणगोत मोबाईलवर, असं सुरू झालं तेव्हा त्याने हा मिक्सर आणला आणि पहिल्या लग्नाला स्वतःच बसला. अंतरपाट खाली आला त्या घटकेला हा जिलेबीचं ताट दाखवत होता. नवरीचा भाऊ लष्करात. तो तिकडून फोनवर ओरडतोय, माझी बहीण कुठाय, आणि मार्तंड घामाघूम होऊन बटणं चाचपतोय. बेबी बॅटऱ्या चार्ज करायला म्हणून शेजारी बसली होती. तिने हात पुढे केला आणि तीन नंबर दाबला. तीनवर नवरी होती, तांदूळ केसांत अडकलेली, मान वर करून नवऱ्याकडे बघणारी.

त्या दिवसापासून बेबी बसते.

तिला हे कसं जमलं, याचं उत्तर निपाणीत नाही, कंग्राळीत आहे. तिचे वडील रवळू मण्णूरकर कंग्राळीचे नावाजलेले पैलवान. शेतीही करत आणि तालमीत पोरंही घडवत. तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही, हा तिथला रिवाज, आणि रवळूआप्पा रिवाजाचे पक्के. पण तालमीच्या मागे एक खिडकी होती. नऊ-दहा वर्षांची बेबी पालथ्या घमेल्यावर उभी राहून त्या खिडकीच्या गजांमधून बघायची. एका फटीतून पाय दिसायचे, दुसरीतून मान, तिसरीतून वस्ताद बापाची बोटं. डाव सुरू झाला की आता कुठल्या फटीत काय दिसणार हे तिला आधीच कळायचं आणि ती डोकं तिकडे सरकवून ठेवायची. बापाने दोनदा कान पिरगळून हाकललं, तिसऱ्यांदा घमेलंच उचलून नेलं. मग ती चवड्यांवर उभी राहून बघायला लागली.

त्या खिडकीची विद्या आता कामाला आली. सीमाभागातल्या जत्रांची मैदानं थेट दाखवायचं काम शिप्पूरकरांकडे येऊ लागलं आणि मार्तंडचं नाव गावोगाव झालं. टेंपोच्या टपावर यंत्र, त्यात चार सिमकार्डं, दोन कर्नाटकातली आणि दोन महाराष्ट्रातली. ज्या बाजूचा टॉवर पावेल त्या बाजूने चित्र जाणार. कॅमेरेवाल्यांच्या कानात हेडफोन आणि त्यात बेबीचा आवाज. "दोन, जवळ जावा. चार, पब्लिक दावा. तीन, पट काढणार त्यो, पायाकडं ऱ्हावा." आणि पैलवान पट काढायचाच. बघणारे म्हणायचे, या मार्तंडला डाव आधी कळतोय.

रवळूआप्पाही तेच म्हणायचे. गेल्या वर्षी न्हाणीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते खाटेवर. कानांनी साथ सोडलेली, पण चष्मा लावला की नजर अजून ठणठणीत. मैदान असलं की बेबीची आई जयाबाई मोबाईल हातात धरून त्यांच्यापुढे बसायची. संपलं की बेबीला फोन. "बेबे, जावय लई हुशार गं. कुठल्या टायमाला काय दावायचं, त्येला बराबर कळतंय. आमच्या तालमीत असता तर वस्ताद झाला असता."

बेबीने एकदा सांगून पाहिलं. कंग्राळीकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. ती म्हणाली, "आप्पा, मिक्सरवर मी असतो. ते दावतंय कोण? मी दावतो."

"आं?"

"मी! मी दावतो!"

पलीकडून म्हातारा खो खो हसला. "तू व्हय? तुला कुस्तीतलं काय कळतंय, पोरी!" आणि फोन जयाबाईकडे गेला.

बेबी त्यानंतर बोलली नाही. पण मनात एक गोष्ट घट्ट धरून बसली. आप्पांचे किती दिवस राहिलेत ते दिसतंच होतं. एकदा, फक्त एकदा, मैदानातून आपलं नाव पुकारलं जावं आणि ते आप्पांनी मोबाईलवर बघावं. मग ते काहीही म्हणोत. तिने संगणकात एक नावपट्टीही करून ठेवली होती. चित्राच्या खालच्या अंगाला नाव-गाव सांगणारी पट्टी येते ना, तसली. अशा पट्ट्यांना नंबर असतात. एक नंबरला गावाचं नाव, दोनला कमिटीचं, तीनला 'कॅमेरा : मार्तंड शिप्पूरकर', आणि असं करत करत नऊ नंबरला 'मिक्सर : बेबी शिप्पूरकर, कंग्राळी'. वर मराठीत, खाली कानडीत, कारण आमच्याकडे एकाच भाषेत पट्टी लावली की दुसऱ्या भाषेतलं कुणीतरी रुसतंच. चार वर्षं ती नऊ नंबरची पट्टी तिथे पडून होती.

पट्ट्यांच्या बाबतीत बेबी फार जपून असायची, त्यालाही कारण घडलेलं. सुरुवातीच्या दिवसांत एका पतसंस्थेच्या कार्यक्रमात दिवंगत संचालकांचा फोटो दाखवून तिने 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी पट्टी लावली, ती काढायची राहिली, आणि चित्र बदललं. पुढच्या चित्रात विद्यमान अध्यक्ष माईकपुढे खाकरत उभे! लोंढ्याहून त्यांच्या बहिणीचा रडत फोन आला, तोवर अध्यक्षांचं भाषण निम्मं झालं होतं. त्या दिवशी बेबीने एका कागदावर ठळक लिहून तो मिक्सरच्या वर डकवला. 'पट्टी वरच्या चित्राला चिकटते. आधी चित्र बघ.' आपण काय लिहिलंय याला किंमत नाही. वर काय दिसतंय, त्याचाच अर्थ लोक खालच्या अक्षरांना लावतात.

आता त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव नको, नदीकाठचं आहे एवढं पुरे. तिथलं मैदान या भागात सगळ्यात मोठं, तीन दिवसांच्या जत्रेत भरणारं. आणि तिथला रिवाज कंग्राळीपेक्षा कडक. मैदानाला दोर लागला की दोराच्या आत बाई नाही. कुणाची आई नाही, बहीण नाही, पाणी द्यायलाही नाही. बक्षीस समारंभ मैदानातच होतो, म्हणून तिथेही नाही. शिप्पूरकरांचा टेंपो मात्र वायरींमुळे दोराच्या आत, स्टेजच्या मागे, जनरेटरच्या बाजूला उभा करावा लागायचा. मग काय करायचं? बेबीने पहाटे माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत टेंपोत शिरायचं, मार्तंडने मागचं पत्र्याचं दार ओढून घ्यायचं, आणि मैदान उठून माणसं पांगली की मग उतरायचं. दुपारी पत्रा तापायचा. पाणी प्यायची सोय होती, पण प्यायलेल्या पाण्याचं पुढे काय, याची नव्हती, म्हणून ती सकाळपासून घोटसुद्धा घ्यायची नाही. असे तीन वर्षं तीन-तीन दिवस. ज्या मैदानात बाईची सावली चालत नव्हती, तिथे चार कॅमेरेवाले दिवसभर कानात बाईचा आवाज घेऊन फिरत होते आणि तिच्या हुकमाने उठत-बसत होते. यावर बेबी पहिल्या वर्षी टेंपोत एकटीच हसली होती. तिसऱ्या वर्षी तिला त्याचं हसू येईना.

"हे सांगा की एकदा कमिटीला," ती मार्तंडला म्हणायची.

"सांगतो की. योग्य टायम येऊ दे."

योग्य टायम यंदा आला, आणि असा आला की बेबीला वाटलं देवानेच धाडला.

जत्रेचा पहिला दिवस, शेवटची कुस्ती. एक तांबड्या लांगेचा पैलवान, एक निळ्या. पंधरा मिनिटं झाली तरी कुणी हलेना. हलगी नुसती तडतडत होती. बेबीचे डोळे चार चौकटींवर. एकदम तिला तांबड्याच्या उजव्या हाताची बोटं दिसली. ती निळ्याच्या लांगेकडे सरकत होती, आणि तशीच बोटं तिने पालथ्या घमेल्यावर उभं राहून हजारदा बघितली होती.

"तीन! श्रीनाथभावजी, डोस्क्याकडच्या अंगाला जावा. घिस्सा येतोय. खाली बसा. अजून खाली. झोपा, झोपा मातीत!"

श्रीनाथ हा मार्तंडचा चुलतभाऊ, गुडघेदुखीने बेजार. तो कॅमेऱ्यासकट मातीत आडवा झाला, आणि त्याच क्षणी तांबड्याने लांगेला धरून घिस्सा मारला. दोघं गोल फिरून पडले. पंच पायांच्या बाजूला होता. त्याने शिट्टी फुंकली आणि तांबड्याचा हात वर केला. चितपट!

मग जे व्हायचं ते झालं. निळ्याच्या गावची माणसं दोर तोडून आत घुसली. पाठ लागलीच नाही, ती म्हणत होती. तांबड्याची माणसं आडवी आली. खुर्च्या डोक्यावर उचलल्या गेल्या. पोलीस दोघेच, त्यातला एक चहाला गेलेला. पंच पांढराफटक पडला होता. बेबीने कुणाला विचारलं नाही. तीन नंबरचं चित्र मागे घेतलं, सावकाश केलं आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सोडलं. निळ्याचा डावा खांदा आणि माती यांच्यामध्ये प्रकाश, खांदा मातीपासून चार बोटं वर. लगेच तो कूस बदलतो. पाठ लागलेलीच नाही. तिने ते एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवलं, तिसऱ्यांदा खांद्यापाशी थांबवून ठेवलं.

उचललेल्या खुर्च्या खाली आल्या. पंचाने कान धरून माफी मागितली, कुस्ती पुन्हा जोडली गेली, आणि नवव्या मिनिटाला निळ्याने तांबड्याला खरोखर आस्मान दाखवलं. त्यावर मात्र कुणी तक्रार केली नाही.

कमिटीचे अध्यक्ष नागेंद्रअण्णा स्टेजवरून धावत मार्तंडकडे आले. मार्तंडच्या हेडफोनचा माईक चालू होता, त्यामुळे टेंपोत बसलेल्या बेबीला सगळं ऐकू येत होतं. हलगी अजून वाजतच होती.

"मार्तंडा, मुडदं पडलं असतं रं आज! गावाची अब्रू राखलास. सांग, कमिटीनं तुला काय द्यायचं? माग!"

 टेंपोत बेबीने हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"मला काय नको अण्णा. मिक्सरचं आमच्या मंडळींचं हाय. तिचं तेवढं बघा."

"आं? मंडळींचं? मिक्सर?"

"व्हय. मिक्सर."

"एवढंच? हात्तिच्या! झालं म्हणून समज. परवा बक्षीस समारंभात भर मैदानात नाव पुकारतो त्यांचं!"

टेंपोत बेबीने तोंडात पदर कोंबला. इतक्या दिवसांचं रडू, ते काही वेळाकाळ बघून येत नाही. नागेंद्रअण्णांसारखा रिवाजाचा माणूस 'झालं म्हणून समज' म्हणाला होता. बाई बसलीय कळूनही म्हणाला होता. आणि मार्तंडने सांगितलं होतं. तिला एकदम नवऱ्याची माया आली, गेल्या वीस-बावीस वर्षांत आली नव्हती एवढी.

घरी गेल्यावर तिने कंग्राळीला फोन लावला. "आई, परवा चार वाजता मोबाईल लाव. आप्पांना टेकून बसव. चष्मा पूस त्येंचा. माझं नाव येणाराय."

"तुझं? मैदानात?" जयाबाई म्हणाली. "बाईचं?"

"माझं."

दुसरा दिवस नुसत्या लहान पोरांच्या कुस्त्यांचा होता, तो गेला. मार्तंड त्या दिवशी जरा गप्प गप्प होता. बेबीला वाटलं, दमला असेल. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतलं इरकल नेसलं, जांभळं, लाल काठाचं. पहाटे टेंपोत चढताना मार्तंड तिच्याकडे बघत राहिला. "हे कशाला नेसलीस?" त्याने विचारलं. ती नुसती हसली. दार उघडतील, स्टेजवर बोलावतील, असंही तिच्या मनात होतं. निदान दार तरी. त्याने नजर वळवली आणि पत्रा ओढून घेतला.

चारपर्यंत इरकल घामाने पाठीला चिकटलं. समारंभ सुरू झाला. पैलवानांना फेटे, पंचांना फेटे, सनईवाल्याला फेटा. एक नंबरचा कॅमेरा आज श्रीनाथकडे होता, कारण मार्तंडचं नाव सत्काराच्या यादीत होतं. हेडफोन मात्र त्याने गळ्यात तसाच ठेवला होता.

"आता एक विशेष सत्कार!" निवेदक मराठीत म्हणाला आणि तेच कानडीत म्हणाला. "ज्यांच्या नजरेनं परवा या मैदानात न्याय झाला, ते आपले मार्तंड शिप्पूरकर!"

टाळ्या कडाडल्या. मार्तंडला फेटा बांधला, शाल घातली. बेबीने एक दाबलेलाच होता. तिचं दुसरं बोट नऊच्या पट्टीवर जाऊन थांबलं. आता.

"आणि मंडळी," निवेदकाने आवाज लाडिक केला, "मार्तंडरावांचं मोठेपण बघा. कमिटी म्हणाली, काय पायजे ते मागा. हे म्हणाले, मला काय नको, माझ्या मंडळींना मिक्सर पायजे!"

मैदान हसलं. दोघांनी स्टेजवर एक खोकं आणलं. खोक्यावर चटणीच्या वाटीचं आणि एका हसऱ्या बाईचं चित्र होतं.

बेबीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि नऊवरचं बोट तिने मागे घेतलं. नागेंद्रअण्णांना काय दोष द्यायचा? बाई आणि मिक्सर हे दोन शब्द त्यांनी एका वाक्यात ऐकले होते. ते त्यांच्या डोक्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावरच जाऊन बसणार. दुसरीकडे कुठे बसतील? पण निवेदकाचं संपलं नव्हतं.

"काल अण्णांनी फोन करून विचारलं, मार्तंडराव, मिक्सर किती भांड्यांचा आणायचा? तर हे म्हणतात, तीन!"

मैदान पुन्हा हसलं.

काल. म्हणजे मार्तंडला कालपासून ठाऊक होतं. आज पहाटे इरकल बघितलं तेव्हाही ठाऊक होतं. चूक दुरुस्त करायला त्याला अख्खा एक दिवस मिळाला होता आणि त्या दिवसात त्याने भांडी मोजून सांगितली होती.

"अवं," बेबी माईकमध्ये म्हणाली. तो आवाज तिन्ही कॅमेरेवाल्यांच्या कानात गेला आणि मार्तंडच्या गळ्यातल्या हेडफोनमधूनही चिरका होऊन बाहेर पडला. "अवं, सांगा की. माईक तोंडाजवळ हाय तुमच्या. कोण बसतंय सांगा. आप्पा बघाय लागल्यात."

मार्तंडने ऐकलं. ऐकल्याचं चित्रात स्पष्ट दिसलं, कारण त्याने हनुवटीखालच्या हेडफोनवर हात ठेवून तो दाबून धरला. पुढच्या वर्षीचं काम जाईल, दोराच्या आत बाई बसवली म्हणून गाव अंगावर येईल, फेटा बांधणारे हातच फेटा काढून घेतील, असं काय काय त्याच्या मनात आलं असेल. तो माईकपुढे वाकला. "कमिटीनं माझ्या मंडळींची आठवण ठेवली," तो म्हणाला, "लई आभारी हाय." आणि खोकं छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघून हसला.

बेबीचा संताप तिच्या बोटात उतरला. कुणी पुकारत नाही ना? मग ही पट्टी माझी आहे आणि बटण माझं आहे. तिने नऊ दाबला.

पट्टी सरकत आली आणि बसली. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर, हातभर उंचीच्या अक्षरांत. 'मिक्सर : बेबी शिप्पूरकर, कंग्राळी'. वर मराठीत, खाली कानडीत. चार वर्षांत पहिल्यांदा. मैदान क्षणभर वाचत राहिलं आणि मग अशा टाळ्या पडल्या, अशा शिट्ट्या झाल्या की टेंपोचा पत्रा थरथरला. बेबीची मान ताठ झाली. कळलं, तिला वाटलं. सगळ्यांना कळलं.

मग तिची नजर पट्टीवरून वर गेली. वर मार्तंड होता, फेट्यातला, हसरा, आणि त्याच्या हातात ते खोकं. खोक्यावर चटणीची वाटी. खाली 'मिक्सर : बेबी शिप्पूरकर'. भेटवस्तू आणि ती घेणारीचं नाव. तिने स्वतःच्या हाताने लिहून डकवलेला कागद तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर लटकत होता.

थेट म्हणतात तरी चित्र मोबाईलवर पोचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ तिच्याजवळ होता, पण करण्यासारखं काही नव्हतं. सुटलेलं चित्र परत येत नाही. ती कंग्राळीतल्या खाटेकडे निघालेलं आपलं नाव मोजत बसली. मग फोन थरथरला.

"बेबे!" रवळूआप्पांचा आवाज फाटला होता. ते रडत होते, आणि त्यांना रडताना तिने जन्मात ऐकलं नव्हतं. "आलं गं नाव तुझं! मी वाचलो. अक्षर अक्षर वाचलो. बेबी, कंग्राळी. भर मैदानात, त्या गावच्या मैदानात! आमच्या घराण्यातल्या बाईचं नाव!"

"आप्पा…"

"आणि मिक्सर बी! आई तुझी कानात वरडून सांगितली, जावयानं स्वतःसाठी काय मागितलं न्हाय, तुझ्यासाठी मागितला. असला माणूस दिवा घेऊन शोधला तरी गावायचा न्हाय. आता हात दुखायचं न्हाईत तुझं."

"आप्पा, मिक्सरवर मी असतो. ऐका. मिक्सर म्हंजे…"

"आं? व्हय, व्हय! तुझाच! नावच आलं की वर, आता कोण न्हाय म्हणतोय? तुझाच मिक्सर!"

पलीकडे जयाबाई म्हाताऱ्याचे डोळे पुसत असावी. पुरे आता, दम लागेल, असं म्हणत होती. आप्पा हसत होते, खोकत होते, पुन्हा हसत होते. इतक्या वर्षांत बापाला आपल्यामुळे झालेला हा पहिला आनंद होता, आणि तो मोडायला एक वाक्य पुरलं असतं. त्यासाठी तिला ओरडावं लागलं असतं, आणि ती दोराच्या आत होती, टेंपोच्या बाहेर पाच हजार पुरुष होते.

"व्हय आप्पा," बेबी म्हणाली. "मिक्सर माझाच."

कानात श्रीनाथचा आवाज आला. "वैनी, म्होरला सत्कार सुरू झाला. दोनवर हाय." तिने नऊची पट्टी उतरवली आणि दोन दाबला.